कोपऱ्याच्या प्लॉटवरचं रेस्टॉरंट: लेआउटवाले परत परत विचारतात ते प्रश्न

आपल्या लेआउटच्या, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वसाहतीच्या ग्रुपवर, फाटकाजवळ उभं राहून, रात्री साडेदहाला फोन करून, तेच तेच प्रश्न येऊन राहिले म्हणून एका जागी लिहून काढले. मी वकील नाही की आर्किटेक्ट नाही, पण नागपूर महानगरपालिकेच्या लक्ष्मीनगर झोनच्या ऑफिसात खेटे घालून आणि नियम वाचून जे समजलं ते इथं आहे. आधी साधे प्रश्न, मग किचकट. ज्याचं उत्तर दुसरीकडे आलंय तिथं फक्त नंबर दिलाय, तो बघून घ्या.

१. नेमकं काय होऊन राहिलंय त्या कोपऱ्याच्या बंगल्याचं?

जुना बंगला विकला गेला. नवीन मालकाला तिथं तळमजला, वर दोन मजले आणि गच्चीवर बसायची सोय असं फॅमिली रेस्टॉरंट करायचंय, हे त्यानं स्वतः आजूबाजूच्या घरांत सांगितलंय, आणि नकाशा मंजुरीला टाकलाय. एवढंच. बिअर बार येऊन राहिला, लग्नाचं लॉन येऊन राहिलं, खाली वाइन शॉप वर हॉटेल, हे सगळं ग्रुपवरचं आहे, कागदावर कुठंच नाही. कृपा करून फॉरवर्ड करणं थांबवा, कारण उद्या आपण ऑफिसात खरा मुद्दा घेऊन गेलो तर तिथले लोक याच मेसेजांवर बोट ठेवून हसतील.

२. हा तर राहण्याचा लेआउट आहे न, मग इथं हॉटेल होऊच कसं शकते?

होऊ शकते, आणि इथंच बहुतेक जण चुकतात. "रहिवासी" झोन म्हणजे फक्त घरं असं नाही. राज्यात डिसेंबर २०२० पासून एकच विकास नियमावली लागू आहे (मुंबई आणि काही भाग सोडून), तिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात. तिच्यात रहिवासी झोनचे दोन प्रकार आहेत, आर-१ आणि आर-२, आणि तुमचा प्लॉट कशात बसतो ते मुख्यतः समोरचा रस्ता किती रुंद आहे त्यावर ठरतं. जुन्या दाट वस्तीत आणि बाहेरच्या भागात हिशोब वेगळा, पण ९ मीटर आणि १२ मीटर हे आकडे ध्यानात ठेवा. अरुंद गल्लीत दवाखाना, किराणा, रोजच्या गरजेची छोटी दुकानं अशा मोजक्याच गोष्टी चालतात, रुंद रस्त्यावर हॉटेलला दार उघडं आहे. म्हणून "राहण्याच्या भागात हॉटेल नको" असं लिहिलेला अर्ज पहिल्या टेबलावरच पडतो, आणि "समोरचा रस्ता इतक्याच मीटरचा आहे, मग ही परवानगी कशी" असं लिहिलेला अर्ज पुढं सरकतो.

३. मग रस्ता किती मीटरचा ते कुठं बघायचं? आमच्याकडे नकाशात एक आणि जमिनीवर दुसरंच आहे.

मंजूर लेआउटचा नकाशा आणि शहराचा विकास आराखडा, दोन्ही बघा. जमिनीवर मोजायचं तर डांबर मोजू नका भाऊ, एका बाजूच्या कंपाउंडपासून समोरच्या कंपाउंडपर्यंत मोजा, नाली आणि फुटपाथ धरून. आपल्याकडे कित्येकांनी कंपाउंड पुढं सरकवून त्यात गुलमोहर लावलाय, गाडीसाठी उतार केलाय, त्यामुळं नकाशातला बारा मीटरचा रस्ता नऊचा दिसतो. हे मोजायला जाल तर आधी स्वतःचा ओटा बघून जा. मालकाचा माणूस तोच फोटो काढून ठेवेल.

४. सगळेच विरोधात आहेत का?

नाही, आणि तसं लिहू पण नये. सह्या घ्यायला फिरलो तेव्हा ऐकलेलं सांगतो.

ज्यांची भिंत त्या प्लॉटला लागून आहे ते ठाम विरोधात, आणि त्यांचं बरोबर आहे, कारण किचनचा एक्झॉस्ट त्यांच्याच बेडरूमकडे तोंड करणार. मागच्या गल्लीतल्या काकू म्हणाल्या, "हॉटेलचं मला काही नाही, पण पोरगी दहावीला आहे, रात्री अकराला गाड्यांचे हॉर्न नको." पीजीत राहणाऱ्या पोरी खुश, त्यांचं म्हणणं असं की रात्री साडेनऊला मेस बंद झाली की खायला काहीच मिळत नाही, आणि रस्त्यावर उजेड-वर्दळ राहिली तर येताना भीती वाटत नाही. हा मुद्दा आपल्यातल्या कोणाच्या डोक्यातच आला नव्हता. पानठेल्यावाला तर आतापासून खर्र्याचा हिशोब करून राहिला. मेन रोडला लागून ज्यांचे प्लॉट आहेत त्यातले काही उघड बोलत नाहीत, पण एक हॉटेल झालं की आपल्या प्लॉटलाही कमर्शियल भाव येईल हे त्यांना कळतं, म्हणून सही मागितली की "उद्या या" म्हणतात. तीन पिढ्या इथं राहिलेल्या आजोबांचं एकच वाक्य, "धरमपेठ होऊन जाईल बाप्पा आपलं." ज्यांनी गोकुळपेठ, रामनगर, वेस्ट हायकोर्ट रोडच्या मागच्या गल्ल्या आधी घरांच्या आणि आता हॉटेलांच्या झालेल्या पाहिल्यात त्यांना समजावून सांगायची गरज नाही.

माझं मत विचाराल तर रेस्टॉरंटला सरसकट नाही म्हणणारे आपण फार कमी आहोत. बहुतेकांना धूर, गाड्या आणि रात्रीचा आवाज या तीन गोष्टी नकोत. मग तेच लिहा न.

५. शेजाऱ्यांची एनओसी घेतल्याशिवाय परवानगी मिळूच शकत नाही, असं ऐकलं. खरं का?

स्वतःच्या स्वतंत्र प्लॉटवर, झोनमध्ये बसणारं बांधकाम असेल तर शेजाऱ्याची एनओसी हा त्या यादीतला कागदच नाही. मी पण आधी लागतेच असं धरून चाललो होतो. सुनावणीसुद्धा नसते. जाहीर नोटीस, हरकती वगैरे प्रकार येतो तो विकास आराखड्यातच बदल करायचा असेल तेव्हा, म्हणजे १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली, तिथं एक महिन्यात हरकत टाकता येते. साध्या नकाशा मंजुरीत तसं काही नाही. पण कोणी लेखी अर्ज दिला तर तो फाइलला लागतो, आणि फाइलला लागलेला कागद नंतर लई कामाचा असतो. अपार्टमेंटमध्ये हॉटेल येत असेल तर गोष्ट वेगळी, १५ बघा.

६. प्लॉट प्रन्यासचा आहे की महानगरपालिकेचा, यानं काही फरक पडतो का?

पडतो. नागपुरात ही एक वेगळीच गंमत आहे. नागपूर सुधार प्रन्यास, म्हणजे लेआउट पाडणारी वेगळी सरकारी संस्था, तिचे लेआउट, महानगरपालिकेकडे आलेले लेआउट, आणि बेसा-बेलतरोडीकडं गेलं की महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. चुकीच्या ऑफिसात अर्ज दिला तर "हे आमच्याकडं येत नाही" हे उत्तर यायलाच महिना जातो, म्हणून आधी नकाशा कोण पास करतं ते विचारा.

दुसरं, प्रन्यासचा लीजवरचा प्लॉट असेल तर लीज डीडमध्ये वापर लिहिलेला असतो. "निवासी" लिहिलेलं असेल तर नियमावलीत हॉटेल बसत असलं तरी लीजचा वापर बदलून घ्यावा लागतो, त्याचे पैसे भरावे लागतात. आणि गुंठेवारीतला, म्हणजे आरएल (नियमित केल्याचं पत्र) मिळालेला प्लॉट असेल तर आरएलसोबतचा नकाशा मागा, त्यात रस्त्याची रुंदी दिसेल. आपल्या कोपऱ्याच्या प्लॉटचा लीजचा कागद अजून कोणी पाहिलेला नाही, माहितीच्या अधिकारात मागितलाय (१२ बघा).

७. वासाचं काय एवढं? घरोघरी फोडणी होतेच न.

घरची फोडणी दहा मिनिटांची असते. हॉटेलचं किचन दुपारी अकरा ते रात्री अकरा चालतं, तंदूर वेगळा. आणि नागपूरच्या उन्हाळ्यात ही गोष्ट पुण्या-मुंबईसारखी नाही. एप्रिल ते जून आपल्याकडं पारा ४५ च्या आसपास, घराघरात खिडकीला कूलर. कूलर बाहेरची हवा आत ओढतो, चोवीस तास. बाजूच्या भिंतीला हॉटेलचा पंखा असेल तर खसच्या टट्टीतून आपल्या बेडरूममध्ये थंडगार जळका मसाला येईल, आणि खिडकी बंद करून भागत नाही कारण मग कूलर गुदमरतो, खोली दमट होते. एसीवाल्यांना हे पटत नाही, पण ज्यांच्याकडं म्हातारी माणसं कूलरवर झोपतात त्यांना विचारा.

म्हणून मागायचं ते हे: धुराचा पाइप शेजारच्या सगळ्यात उंच गच्चीच्या वर न्यायचा, तोंड घरांकडे नको, आत तेल धरणारी जाळी हवी आणि ती धुतल्याची नोंद ठेवायची. किचन प्लॉटच्या मेन रोडकडच्या बाजूला ठेवलं तर अर्धं भांडण तिथंच मिटतं. बांधकाम होण्याआधी हे सांगणं सोपं आहे, पाइप लागल्यावर तो हलवायला कोणी तयार होत नाही.

८. पार्किंग नकाशात दाखवलंय म्हणे, मग तक्रार कसली?

नकाशात सगळ्यांचंच असतं. नियमावलीत हॉटेलला किती गाड्यांची जागा सोडायची ते ठरलेलं आहे, आणि नकाशा पास होतो तेव्हा खाली छान रेघा मारलेल्या असतात. नंतर काय होतं ते शहरात कुठंही बघा: स्टिल्टमध्ये, म्हणजे खांबांवरच्या मोकळ्या पार्किंगमध्ये, एका बाजूला सिलिंडर, एका बाजूला भांडी घासायची जागा, तिसऱ्या बाजूला कांद्याची पोती, आणि गाड्या रस्त्यावर. शनिवारी रात्री आठ ते दहा या वेळात लोक गाडी दोन गल्ल्या सोडून लावतात, मग त्या गल्लीतला माणूस गेटवर "येथे गाडी लावू नये, हवा सोडली जाईल" असा बोर्ड लावतो. (बोर्ड लावा, हवा सोडू नका, त्याचा गुन्हा तुमच्यावरच होतो.)

आपला रस्ता दोन्ही बाजूंनी गाड्या लागल्या तर मधून एक कार जाते. सकाळी स्कूल व्हॅन, उन्हाळ्यात पाण्याचा टँकर, आणि देव न करो पण अँब्युलन्स किंवा अग्निशमनची गाडी. अर्जात "पार्किंगचा त्रास होईल" लिहू नका, त्यापेक्षा टेप लावून रस्ता मोजा, गाड्या लागल्यावर किती उरतो ते लिहा आणि शनिवार रात्रीचे फोटो जोडा. हॉटेल चालू झाल्यावर स्टिल्ट बंद केलेली दिसली तर ती मंजूर नकाशाविरुद्ध आहे, तिची तक्रार वेगळी आणि जास्त पक्की असते, १३ बघा.

९. किती वाजेपर्यंत चालवू शकतात? डीजे लावला तर?

वेळेचं उत्तर लोकांना आवडत नाही. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानंतर साधं हॉटेल रात्रभर उघडं ठेवायला कायद्यानं मोकळीक आहे. दारू देणाऱ्यांना ती नाही, त्यांच्या वेळा वेगळ्या ठरवलेल्या आहेत. म्हणजे "रात्री दहाला बंद झालंच पाहिजे" अशी मागणी कायद्यावर टिकत नाही, मालकाशी बोलून ठरवता येते.

आवाजाचं मात्र पक्कं आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे राहण्याच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. त्या वेळात स्पीकर फक्त बंद जागेत चालतो, आणि गच्ची ही बंद जागा नाही, वर ताडपत्री टाकली तरी नाही. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्यापासून १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र, तिथं आकडे आणखी कमी, ५० आणि ४०. मोबाइलच्या ॲपवरचं रीडिंग पुरावा म्हणून चालत नाही पण ११२ ला फोन करताना अंदाज सांगायला बरं असतं. फोन केला की वेळ लिहून ठेवा, दर वेळी.

१०. दारू मिळणार का तिथं?

सध्याच्या अर्जात नाही. पण आज नाही म्हणून उद्या नाही असं समजू नका, परमिट रूमचा परवाना वेगळा असतो आणि तो राज्य उत्पादन शुल्क खातं देतं, महानगरपालिका नाही. वर्धा पूर्ण जिल्हा दारूबंदीचा आणि आपण शेजारी, त्यामुळं नागपूरच्या त्या बाजूच्या हॉटेलवाल्यांचा हिशोब काय असतो ते सांगायला नको.

परवान्याला अंतराची अट आहे, शाळा आणि धार्मिक स्थळापासून ७५ मीटर. इथं दोन गोष्टी किचकट. एक, अंतर नकाशावर रेघ मारून नाही तर माणूस नेहमी चालत जातो त्या वाटेनं मोजतात, त्यामुळं मध्ये भिंत आली तर अंतर वाढतं. दुसरं, धार्मिक स्थळ सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेलं असावं लागतं, म्हणून उद्यानाच्या कोपऱ्यातलं आपलं हनुमान मंदिर, ज्याची कुठंच नोंद नाही, ते यात धरतील याची खात्री नाही. बालवाडीवाल्या ताईंनी नोंदणीचे कागद काढून ठेवले तर बरं.

आडव्या बाटलीचं मतदान होतं ते वेगळं, ते चालू दुकान बंद करायला असतं. २००८ च्या आदेशाप्रमाणे आधी वॉर्डातल्या २५ टक्के मतदारांनी किंवा महिला मतदारांनी मागणी करायची आणि मग निम्म्याहून जास्त मतं पाडायची. गावात जमतं, नागपूरच्या एवढ्या मोठ्या वॉर्डात ते जमवणं म्हणजे निवडणूकच लढवणं आहे. त्याची वाट बघू नका, परवान्याचा अर्ज आला की लगेच हरकत टाका.

११. आणि हुक्का?

बंद आहे. मुंबईतल्या कमला मिलच्या आगीनंतर (१८ बघा) २०१८ मध्ये महाराष्ट्रानं कायदाच बदलला, हुक्का पार्लर चालवणं गुन्हा आहे. दिसला तर सरळ पोलीस.

१२. माहितीच्या अधिकारात काय काय मागायचं?

दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर, हा महाराष्ट्राचा नियम आहे, लांबलचक निबंध लिहिला की परत येतो. मागा: मंजूर नकाशाची प्रत, परवानगीचं पत्र आणि त्यातल्या अटी, रस्त्याची रुंदी कशी धरली त्याची टिपणी, पार्किंगचा तक्ता. लीज डीड दुसऱ्या अर्जात. "परवानगी काहून दिली" असा प्रश्न विचारू नका. कारणं मागता येत नाहीत, कागद मागता येतो. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर त्यापुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

१३. काम तर सुरू झालंय, आता उशीर झाला का?

आधी बघा काम कशाचं आहे. जुनं पाडून राहिले असतील तर घाबरायचं कारण नाही. परवानगीशिवाय किंवा नकाशाबाहेर बांधकाम होत असेल तर नगररचना कायद्यात कलम ५२ ते ५४ आहेत, दंड, पाडायची नोटीस, काम थांबवायची नोटीस. झोनच्या ऑफिसात लेखी द्या, आवक नंबर घ्या, फोटोवर तारीख येऊ द्या. तोंडी सांगितलेलं कोणालाच आठवत नाही.

पण खरं सांगू का, नोटीस मिळाल्यावर मालक नियमित करून घ्यायचा अर्ज टाकतो, आणि नियमात बसत असेल तर पैसे भरून ते होऊन पण जातं. म्हणून प्लिंथच्या (जोत्याच्या) आधीची तक्रार आणि स्लॅबनंतरची तक्रार यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

१४. नॉनव्हेज नको, हा मुद्दा टाकायचा का अर्जात? आमच्या इकडं बरेच जण त्यावरच सही करून राहिले.

मी टाकणार नाही. कोण काय खातं ही कायद्यातली हरकत नाही, आणि सावजीच्या गावात ती कोणत्या तोंडानं घ्यायची हा प्रश्न वेगळाच. शुद्ध शाकाहारी हॉटेलचा तंदूर तेवढाच धूर करतो, तिथं पार्किंग तेवढीच लागते, उलट फॅमिली गर्दी जास्त. त्रास खरकट्याचा, हाडांवर जमणाऱ्या कुत्र्यांचा असेल तर तसं लिहा, तो कचऱ्याचा मुद्दा झाला आणि तो टिकतो (१७ बघा). ज्यांनी या कारणासाठी सही केली त्यांना कोणी रागावू नका, पण एकत्र अर्जाचा मसुदा वाचून दाखवा आणि मग सही घ्या.

१५. आमच्या अपार्टमेंटमध्येच तळमजल्याच्या दुकानात कॅफे येऊन राहिलाय. हेच सगळं लागू का?

बरंचसं, पण तुमचा हात जास्त भारी आहे. नागपुरातल्या बहुतेक स्कीम सोसायटी नसून १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालच्या आहेत, तिथं डीड ऑफ डिक्लेरेशन असतं. ते काढून वाचा (बिल्डरनं दिलं नसेल तर रजिस्ट्री ऑफिसात नक्कल मिळते). त्यात गाळ्याचा वापर काय लिहिलाय, कॉमन जागा कोणती ते असतं. गाळ्याचा मालक गाळ्याच्या आत काय करतो हा एक भाग, पण एक्झॉस्टचा पाइप कॉमन भिंतीवरून गच्चीवर न्यायचा, गॅसची बँक (एकत्र जोडलेले सिलिंडर) मागच्या मोकळ्या जागेत ठेवायची, भांडी कॉमन नळावर घासायची, हे तुमच्या संमतीशिवाय नाही. आणि पाइपच नेता आला नाही तर किचन चालत नाही, फक्त कॉफी मशीन आणि सँडविच राहतं, ज्याचा कोणाला फारसा त्रास नाही. बिअर शॉपी आणि वाइन शॉपला सोसायटीची एनओसी लागेल अशी घोषणा २०२५ मध्ये विधानसभेत झाली होती, पण ती दुकानांबद्दल आहे, कॅफेला जोडू नका.

१६. घरगुती मेस, टिफिन, क्लाउड किचन यांना कोणी काही म्हणत नाही, मग हॉटेलवरच राग काहून?

हा टोमणा मालकानं पण मारलाय आणि त्यात दम आहे. आपल्या लेआउटमध्ये मेस आहेत, त्यातल्या दोन तर चांगल्या मोठ्या. चार डब्यांचं घरचं काम आणि रात्री एकपर्यंत डिलिव्हरीवाल्यांच्या दुचाकी फाटकासमोर उभं करणारं किचन यात फरक आहे. दुसरं हे हॉटेलच आहे, फक्त टेबलं नाहीत. अन्न परवाना दोघांनाही लागतो, १४ आकडी नंबर समोर लावावा लागतो. तेव्हा मागायचे नियम सगळ्यांना सारखे मागा, नाहीतर ओळखीच्याला सूट आणि बाहेरच्याला विरोध असं दिसेल. तसं दिसतंय आता, खोटं काहून बोलू.

१७. नाली आणि कचऱ्याचं काय? पावसाळ्यात आधीच तुंबते.

२२-२३ सप्टेंबर २०२३ ची रात्र आठवा. अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदी काठ सोडून कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउटच्या घरांत शिरली. आपल्याकडं तेवढं नव्हतं पण गुडघाभर पाणी रस्त्यावर होतंच. हॉटेलचं तेल गरम असताना गडरमध्ये (सांडपाण्याच्या लाइनमध्ये) सहज जातं आणि पुढं थंड होऊन चिकटून बसतं, डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत तर साबणाच्या वडीसारखं, आणि तुंबतं ते हॉटेलसमोर नाही, उताराला असलेल्या चौथ्या-पाचव्या घरासमोर. म्हणून ग्रीस ट्रॅप (तेल अडवणारी टाकी) आहे का आणि तो कोण, कधी साफ करणार हे विचारा. पावसाळी नालीवर स्लॅब टाकून तिथं खुर्च्या मांडल्या तर त्याच दिवशी तक्रार. ओला कचरा बंद डब्यात, आतल्या बाजूला, रस्त्यावर नाही. पाण्याचं कनेक्शन कमर्शियल लागतं, घरगुतीवर चालवत असतील तर ती पण तक्रार होते.

१८. गच्चीवरचं रेस्टॉरंट सुरक्षित असतं का?

बांधणाऱ्यावर आहे. २९ डिसेंबर २०१७ ला मुंबईत कमला मिलच्या रूफटॉपवर आग लागली, १४ जण गेले. गच्चीवर ताडपत्री, बांबू, कापडाची झालर आणि खाली उतरायला एकच जिना, ही जोडी वाईट. विचारायचं एकच, दुसरा जिना आहे का आणि तो मोकळा आहे का, की त्यात कोल्ड ड्रिंकचे क्रेट ठेवलेत. राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानं यंत्रणा चालू असल्याचा फॉर्म बी दर जानेवारी आणि जुलैला द्यावा लागतो, तो माहितीच्या अधिकारात मागता येतो. गच्चीवरचं पक्कं शेड मंजूर नकाशात नसेल तर ते १३ मध्ये येतं.

१९. सरळ हायकोर्टात गेलो तर?

हायकोर्ट सिव्हिल लाइन्सला, जवळच आहे म्हणून सोपं वाटतं. तिथं पहिला प्रश्न हाच येईल की आधी कोणाकडं तक्रार केली आणि त्यांनी काय उत्तर दिलं. हातात आवक नंबर असलेले अर्ज नसतील तर वकिलाची फी गेली समजा. धुराचा किंवा घाणीचा त्रास सुरू झाल्यावर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली, म्हणजे जुन्या १३३ खाली, दंडाधिकाऱ्यांकडं सार्वजनिक उपद्रवाची तक्रार करता येते, ती स्वस्त आहे आणि कमी लोकांना माहीत आहे.

२०. मी भाड्यानं राहतो, माझ्या सहीला किंमत आहे का?

आहे. धूर भाडेकरूला पण लागतो. नाव, घर नंबर आणि तुम्हाला स्वतःला काय त्रास होईल ते एका ओळीत. एकाच मजकुराच्या शंभर सह्यांपेक्षा वेगवेगळ्या दहा चिठ्ठ्या साहेब जास्त लक्ष देऊन वाचतो, हे झोनमध्येच एका बाबूनं सांगितलं.

२१. मालक म्हणतो अर्ज मागं घ्या, तुम्ही म्हणाल ते सगळं करून देतो. घ्यायचा का?

माणूस बोलायला चांगला आहे, चहा पाजतो, आणि कदाचित करेल पण. तरी तोंडी नको. किचन मेन रोडकडे, पाइप गच्चीच्या वर, स्टिल्टमध्ये फक्त गाड्या, गच्चीवर रात्री दहानंतर स्पीकर नाही, एवढं सुधारित नकाशात जे बसतं ते नकाशात आणि बाकीचं स्टॅम्प पेपरवर. त्यानं उद्या हॉटेल दुसऱ्याला चालवायला दिलं तर काय, हे पण लिहून घ्या, कारण नागपुरात मालक एक आणि चालवणारा दुसरा हे नेहमीचंच आहे आणि नवीन माणूस म्हणतो मी कुठं काय कबूल केलं. सुधारित नकाशा झोनमध्ये जमा झाल्याचा आवक नंबर मिळाला की मग पत्र देऊ, तेही "हरकत मागे" असं नाही, "या अटींवर हरकत नाही" असं. मसुदा तयार आहे, रविवारी सकाळी उद्यानात वाचू, ज्यांची भिंत लागून आहे त्यांनी तरी नक्की या.